वाचकाच्या वाट्याचं काम

व्यंगचित्राचं कौतुक करायची वेळ आली की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'मोजक्या रेषांत केवढा आशय!' हे एक, आणि 'एक चित्र हजार शब्दांचं काम करतं' हे दुसरं. प्रदर्शनाचं उद्घाटन असो की व्यंगचित्रकाराच्या निधनानंतरचा अग्रलेख, यातलं एक तरी येतंच. दोन्ही वाक्यं खोटी नाहीत, पण ती भलतंच मोजतात. मोजक्या रेषा तर रस्त्याकडेच्या 'पुढे शाळा आहे' या पाटीवरही असतात, आणि ती पाटी बघून कुणी थबकून हसत नाही. कमी जागा, कमी शब्द हा एका चौकटीच्या चित्राचा नाइलाज आहे. त्याचं कसब दुसरीकडे आहे. चित्राने काय सांगायचं, खालच्या ओळीने काय सांगायचं आणि काय मुद्दाम कुणीच सांगायचं नाही, ही वाटणी व्यंगचित्रकार करतो. तिसरा वाटा वाचकाचा. तो किती मोठा ठेवायचा आणि नेमका कुठे, हा अंदाज साधला तर कल्पना पोचते, नाहीतर चित्र कितीही देखणं असलं तरी फसतं. शिक्षक, जाहिरातीची ओळ लिहिणारे, आरोग्य खात्याची भित्तिपत्रकं करणारे, सभेत पडद्यावर तक्ते दाखवणारे अशा सगळ्यांना या कलेकडून घेण्यासारखं काही असेल तर ते या वाटणीतच शोधावं लागेल.

उदाहरणाला आणीबाणीतलं एक चित्र घेऊ. 10 डिसेंबर 1975 च्या 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अबू अब्राहम यांचं हे चित्र आलं. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद न्हाणीघरात टबमध्ये बसले आहेत. बसल्या जागेवरून ते दाराशी आलेल्या माणसाकडे सही केलेला कागद सोपवतात आणि सांगतात, आणखी वटहुकूम असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा. बस, एवढंच. चित्रात इंदिरा गांधी नाहीत, तुरुंग नाही, लोकशाहीचा मुडदा नाही, 'रबरी शिक्का' अशी चिठ्ठी कुणाच्या पाठीवर डकवलेली नाही. ओळीत तक्रार आहे ती वेळेबद्दल. सही करावी लागते याबद्दल राष्ट्रपतींचं काहीच म्हणणं नाही. 'त्यांना' म्हणजे कुणाला, हे सांगितलेलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती, कारण 25 जूनच्या रात्री उशिरा आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली हे वाचकाला ठाऊक होतं आणि त्यानंतर निघत राहिलेले वटहुकूम तो रोज वाचत होता. वृत्तपत्रांवर सेन्सॉरचा पहारा असताना हे चित्र छापलं गेलं. राष्ट्रपती आंघोळ करतात, या विधानात आक्षेपार्ह काय? आक्षेपार्ह वाक्य कागदावर नव्हतंच. ते वाचकाच्या डोक्यात तयार होत होतं, आणि तिथे सेन्सॉरची कात्री पोचत नाही. हेच चित्र एखाद्या सावध संपादकाने 'स्पष्ट' करायला घेतलं असतं, टबवर 'राष्ट्रपतिपद' आणि कागदांवर 'हुकूमशाही' असं लिहवून घेतलं असतं, तर ते छापूनही आलं नसतं आणि लक्षातही राहिलं नसतं.

वाटणीचा दुसरा प्रकार डेव्हिड लो यांच्या 'रॉन्देव्हू' या चित्रात दिसतो. 23 ऑगस्ट 1939 रोजी जर्मनी आणि सोव्हिएत रशियाचा करार झाला, 1 सप्टेंबरला हिटलरचं आणि 17 सप्टेंबरला स्टालिनचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं, आणि 20 तारखेच्या लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये हे चित्र आलं. दोघे नेते टोप्या काढून कमरेत वाकून एकमेकांना अदबीने अभिवादन करताहेत. मध्ये जमिनीवर एक प्रेत पडलंय. शब्द मात्र शिव्यांचे आहेत: एक दुसऱ्याला पृथ्वीवरची घाण म्हणतो, दुसरा पहिल्याला कामगारांचा खुनी, आणि दोन्ही शिव्यांना 'आपणच ना?' अशी सभ्य शेपटी जोडलेली. देहबोली एक सांगते, ओळ नेमकं उलट सांगते, आणि दोन्ही खोटं पाडायला प्रेत आहेच. यातलं कुठलंही एक काढून बघा. ओळ झाकली तर दोन मित्रांची भेट उरते. चित्र झाकलं तर दोन शत्रूंची बाचाबाची. प्रेत झाकलं तर एक बरा विनोद उरतो, पण पोलंड नाहीसा होतो. एकच गोष्ट दोनदा सांगण्यात एकही रेष खर्ची पडलेली नाही. इथे बहुतेकांचं लेखन आणि भाषण घसरतं. पडद्यावर पाच ओळी लिहायच्या आणि त्याच पाच ओळी मोठ्याने वाचून दाखवायच्या, हा कार्यालयीन रिवाज म्हणजे 'हिटलर आणि स्टालिन वाकून नमस्कार करत आहेत' अशी ओळ लोंच्या चित्राखाली छापण्यातला प्रकार आहे.

हे केवळ रसिकतेचं म्हणणं नाही. प्रयोगशाळेतूनही त्याला बऱ्यापैकी दुजोरा मिळतो. गॉर्डन बाउर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये ज्या चित्रांवर प्रयोग केला ती जवळपास एका चौकटीची व्यंगचित्रंच होती. अमेरिकेत पन्नासच्या दशकात रॉजर प्राइस या विनोदकाराने 'ड्रूडल' नावाची कोडी लोकप्रिय केली होती: चार-सहा रेषांचं निरर्थक दिसणारं चित्र, आणि सोबतची ओळ ऐकली की लख्ख दिसणारा अर्थ. टेलिफोनच्या खोक्यात ट्रॉम्बोन वाजवणारा ठेंगू माणूस, अशा तऱ्हेचं. ज्यांना चित्रासोबत ही ओळ ऐकवली त्यांनी नंतर सुमारे 70 टक्के चित्रं आठवून काढली; ज्यांना नुसतीच चित्रं दाखवली त्यांनी 51 टक्के. म्हणजे चित्र आपोआप स्मरणात राहतं हा समज अर्धाच खरा; अर्थाची खुंटी नसेल तर चित्रही गळून पडतं. उलट बाजू जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी 1972 मध्ये दाखवली होती. त्यांनी लोकांना एक परिच्छेद ऐकवला. वाक्यं सोपी, व्याकरण शुद्ध, आणि अर्थ मात्र काडीचा लागू नये असा. सोबत एक चित्र होतं: रस्त्यावर उभा तरुण गिटार वाजवतोय आणि त्याचा आवाज वरच्या मजल्यावरच्या खिडकीतल्या तरुणीला ऐकू जावा म्हणून ध्वनिक्षेपक फुगे बांधून वर सोडलाय. चित्र आधी पाहिलेल्यांना परिच्छेदातल्या 14 पैकी सरासरी 8 मुद्दे आठवले, न पाहिलेल्यांना साडेतीनच्या आसपास. गंमत पुढे आहे. परिच्छेद ऐकून झाल्यावर ज्यांना चित्र दाखवलं, त्यांचा आकडाही साडेतीनच्या आसपासच राहिला. संदर्भ हाताशी आधी असावा लागतो. मागाहून दिलेला फुकट जातो. तिसरा पुरावा स्लामेका आणि ग्राफ यांचा, 1978 चा: वाचून मिळालेल्या शब्दापेक्षा अर्धवट इशाऱ्यावरून स्वतः पुरा केलेला शब्द जास्त पक्का राहतो. वाचकाच्या वाट्याला काम ठेवण्यामागचा हिशेब इथे आहे. त्याने स्वतः जोडलेली कडी त्याची होते.

मराठीत या हिशेबाची सर्वांत कडक परीक्षा शि. द. फडणीस यांनी स्वतःहून घेतली, कारण त्यांनी ओळच काढून टाकली. 'मोहिनी'च्या 1952 च्या दिवाळी अंकाचं त्यांचं मुखपृष्ठ आठवावं. एक तरुण, एक तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. कुणी काही बोलत नाही, खाली मथळा नाही. दोन माणसं नुसती शेजारी उभी आहेत; नातं आहे ते कापडांवरच्या छापांत, आणि ते बघणाऱ्याने आपण होऊन त्या दोघांवर चढवायचं. या मुखपृष्ठापासून मराठी दिवाळी अंकांना विनोदी मुखपृष्ठाची वाट सापडली असं मानलं जातं आणि ते रास्त आहे. पण त्याहून मोलाचं हे की शब्द काढल्यावर फडणीसांना वाचकाच्या कोठारातून फक्त अशाच वस्तू उचलता येत होत्या ज्या प्रत्येकाकडे असणारच: मांजर-उंदीर, छत्री, कुलूप, आरसा. त्यामुळे त्यांची चित्रं भाषेची वेस सहज ओलांडतात, आणि बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांच्या रेषेला बोलावणं आलं यात नवल वाटत नाही. वसंत सरवटे यांचा रस्ता वेगळा. 'ललित'मधल्या ठणठणपाळाच्या सदराला त्यांनी दिलेली चित्रं ज्याला मराठी साहित्यातले हेवेदावे माहीत आहेत त्यालाच पुरती लागतात. कोठार लहान, पण आतला माल नेमका. दोघांत श्रेष्ठ कोण हा वाद निरर्थक आहे. फडणीसांनी वाचकांची संख्या निवडली, सरवट्यांनी वाचकाशी असलेली सलगी. संवाद साधू पाहणाऱ्या कुणालाही ही निवड करावीच लागते, आणि ती न करता 'सगळ्यांसाठी' लिहायला बसणारा बहुधा कुणासाठीच लिहीत नाही.

आर. के. लक्ष्मण यांनी या पेचातून एक हिकमती वाट काढली. राजकीय चित्राचं कोठार रोज बदलतं. कालचा मंत्री आज आठवत नाही. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या पहिल्या पानावरच्या छोट्या चौकटीत, 1951 पासून पुढची कित्येक दशकं, त्यांनी एक न बदलणारा माणूस उभा केला. धोतर, चौकड्यांचा कोट, डोक्यावर उरलेसुरले केस, आणि तोंडातून चकार शब्द नाही. कॉमन मॅन गप्प आहे तो गरीब बिचारा म्हणून, असं समजलं जातं. मला तो तांत्रिक निर्णय वाटतो. तो बोलला असता तर वाचकाच्या वाट्याचं मत त्यानेच देऊन टाकलं असतं. तो फक्त जागा दाखवतो: इथे उभं राहून बघा. त्याच्यावर बेतलेलं लक्ष्मण यांचं एक चित्र प्रसिद्ध आहे. चंद्रावर पाठवायला माणूस हवा आहे, आणि शास्त्रज्ञांना तो सापडलाय, कारण हा गडी पाणी, अन्न, उजेड, हवा, निवारा यांच्याविना जगू शकतो. ओळ बाहेरून शुद्ध प्रशंसेची आहे. सरकार, पंचवार्षिक योजना, टंचाई, यांचा उच्चारही नाही. चंद्र या शब्दाच्या जागी वाचक आपलं गाव, आपली चाळ ठेवतो आणि हिशेब पुरा करतो.

अंदाज चुकला तर काय होतं, याचा नमुना अमेरिकेतल्या गॅरी लार्सन यांनी 1982 मध्ये नकळत तयार करून ठेवला. 'द फार साइड' या त्यांच्या मालिकेतलं हे चित्र. एक गाय टेबलामागे उभी आहे, टेबलावर चार ओबडधोबड वस्तू, खाली ओळ: गाईची हत्यारं. लार्सन यांना म्हणायचं होतं इतकंच की गाईंनी हत्यारं केली असती तर ती अशीच बेंगरूळ झाली असती. पण त्या चारांतली एक वस्तू करवतीसारखी दिसत होती. झालं. एकीची ओळख पटते म्हटल्यावर उरलेल्या तिन्हींचाही काहीतरी अर्थ असणार, असं धरून वाचक कोडं सोडवायला बसले, पत्रांचा पाऊस पडला आणि लार्सन यांना खुलासा करावा लागला. करवतीसारखं काही काढायला नको होतं, हे त्यांनीच नंतर मान्य केलं. चौकटीत वाचक प्रत्येक रेषेला धागा समजतो, त्यामुळे सजावटीलाही अर्थ चिकटतो. शिकवण्यात याचं नुकसान मोजलेलं आहे. हार्प आणि मेयर यांच्या 1998 च्या प्रयोगांत वीज कशी तयार होते याच्या धड्यात वीज पडून माणसांचं काय झालं याच्या चटकदार हकीकती आणि चित्रं घातली, तेव्हा विद्यार्थ्यांना मूळ प्रक्रिया कमी आठवली. म्हणजे 'विषय कोरडा आहे, दोन कार्टून टाका' हा सल्ला धोक्याचा. चित्र मुद्द्याच्या पोटातून आलेलं नसेल तर ते मुद्द्याची जागा खातं.

इथवर ज्यांनी मान डोलावली त्यांच्यातही एक शंका उरतेच: हे सगळं टोमणे मारण्यापुरतं ठीक, पण गुंतागुंतीचं म्हणणं एका चौकटीत कसं बसणार? शंका खरी आहे. चित्राला 'पण', 'जर', 'बहुधा', 'अमुक वगळता' म्हणता येत नाही. नकारही देता येत नाही. 'हा माणूस चोर नाही' हे काढायचं तर आधी त्याला चोर म्हणून काढून वर फुली मारावी लागते, आणि लक्षात राहतो तो चोर. पण यावरून चित्र विचारासाठी निरुपयोगी ठरत नाही, त्याचं काम कुठलं ते ठरतं. 1871 मधलं न्यूयॉर्क घ्या. शहराची तिजोरी लुटणाऱ्या ट्वीडच्या टोळीचे हिशेब 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जुलैमध्ये आकड्यानिशी छापले. ऑगस्टमध्ये 'हार्पर्स वीकली'त थॉमस नॅस्ट यांनी चित्र काढलं: लोकांचा पैसा कुणी चोरला? टोळीतले सगळे गोल उभे आहेत आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतोय. या चित्रात पुरावा शून्य आहे. नुसतं तेवढंच असतं तर ती बदनामी ठरली असती. पण आकड्यांच्या रकान्यांतून जे दिसत नव्हतं ते त्यात आहे: ही चोरी एकट्याची नाही आणि जबाबदारी गोल फिरत राहील अशीच तिची रचना आहे. पुरावा टाइम्सने दिला, आकार नॅस्ट यांनी. एकाने दुसऱ्याचं काम करायला घेतलं असतं तर दोघेही उघडे पडले असते. त्यामुळे 'चित्र काढा, अहवाल कशाला' म्हणणारा जितका चुकतो तितकाच 'अहवाल आहे, चित्र कशाला' म्हणणाराही.

याच नॅस्ट यांच्या चित्रांत आयरिश माणूस माकडाच्या तोंडाचा असे. दुसरा आक्षेप इथून निघतो, आणि तो पहिल्याहून जड आहे. वाचकाच्या कोठारातून उचलायचं म्हटलं की तिथे पूर्वग्रहही रचून ठेवलेले असतात, आणि ते सर्वांत वरच्या फळीवर असतात. 'डेर श्टुर्मर' या नाझी साप्ताहिकात 'फिप्स' नावाने येणाऱ्या ज्यूद्वेष्ट्या चित्रांचं तंत्र अबू किंवा लो यांच्यापेक्षा निराळं नव्हतं. तिथेही वाचकालाच कडी जोडायची होती. नाक पुरेसं होतं. म्हणून या कलेचं तंत्र आपोआप सत्याच्या बाजूचं असतं, असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. वाचकाने स्वतः काढलेला निष्कर्ष जास्त घट्ट बसतो, हे चांगल्या कल्पनेइतकंच विषारी कल्पनेलाही लागू आहे. फरक शोधायचा तर एक कसोटी हाताशी राहते: चित्र माणसाच्या कृतीवर बोट ठेवतंय की त्याच्या जन्मावर? राष्ट्रपतींची सही ही कृती आहे. नाक ही कृती नव्हे. ही कसोटी सगळीकडे पुरत नाही, पण तिच्यावाचून चालणारही नाही.

आणि कोठार काळाप्रमाणे बदलतं, हा तिसरा प्रश्न महाराष्ट्राच्या चांगल्याच ओळखीचा आहे. शंकर यांनी 1949 मध्ये 'शंकर्स वीकली'त काढलेल्या चित्रात राज्यघटना नावाच्या गोगलगाईवर डॉ. आंबेडकर बसले आहेत, त्यांच्या हातात चाबूक आहे, मागे नेहरू आहेत, त्यांच्याही हातात चाबूक. तेव्हाच्या वाचकासमोर घटना समितीचं दोन-अडीच वर्षं चाललेलं काम होतं, आणि विनोद होता संथपणाचा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात हे चित्र घेतलं गेलं, मे 2012 मध्ये संसदेत त्यावरून गदारोळ झाला, पुस्तकाचे मुख्य सल्लागार योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची तोडफोड झाली. तोडफोडीचं समर्थन होऊच शकत नाही. पण 'त्यांना व्यंगचित्र कळलं नाही' हे त्या वेळी अनेक सुशिक्षितांनी दिलेलं उत्तर आळशी होतं. मागे चाबूक घेतलेला ब्राह्मण पंतप्रधान आणि पुढे दलित नेता, हे दृश्य बघणाऱ्याच्या कोठारात चाबकाचा जो इतिहास आहे तो घटना समितीच्या वेळापत्रकाहून कितीतरी जुना आणि जिवंत आहे. त्याने कडी जोडली. फक्त शंकरना अभिप्रेत नव्हती ती. तंत्राच्या बाजूने पाहिलं तर चित्राने आपलं काम चोख केलं, वाचक मात्र त्रेसष्ट वर्षांनी दुसराच होता. चित्र वगळावं असं मला तेव्हाही पटण्यासारखं नव्हतं आणि आजही नाही. पण ते ठेवायचं तर हा दुसरा वाचक वर्गात बसलेला आहे हे धरूनच ठेवायला हवं.

काही चित्रं या बदलातून तगतात आणि त्यांचं तगणंही शिकवणारं आहे. 'द न्यूयॉर्कर'मध्ये 5 जुलै 1993 रोजी पीटर स्टाइनर यांचं चित्र आलं: संगणकासमोर खुर्चीत बसलेला कुत्रा खाली बसलेल्या कुत्र्याला सांगतोय, इंटरनेटवर तुम्ही कुत्रा आहात हे कुणालाच कळत नाही. तेव्हा इंटरनेट ही मूठभरांची नवलाई होती आणि विनोद मोकळिकीचा होता. आज तीच ओळ बनावट खाती, ऑनलाइन फसवणूक, खोट्या फोटोंवरची लग्नं यांच्यावरची टिप्पणी म्हणून वाचली जाते. चित्रात कुठल्याही कंपनीचं नाव नाही, कुठली घटना नाही. वाचकासाठी सोडलेली जागा इतकी रिकामी आहे की प्रत्येक दशकाने आपला माल तिथे भरला. अबूंच्या चित्राला ही सोय नाही. आजच्या विशीतल्या मुलाला टबमधले गृहस्थ कोण हेच माहीत नसतं, आणि आंतरजालावर ते चित्र तारखेविना, नावाविना फिरतं तेव्हा तो एक आंघोळ करणारा म्हातारा असतो. पाठ्यपुस्तकांत आणि वृत्तपत्रांच्या जुन्या चित्रांच्या संग्रहांत यावर उपाय म्हणून चित्र वर आणि खुलासा खाली छापतात. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांचे आकडे खरे मानले तर हा क्रम उलटा आहे. 25 जूनची रात्र, वटहुकूम म्हणजे काय, त्यावर सही कुणाची लागते, हे आधीच्या पानावर चार ओळींत सांगून मगच पान उलटू द्यावं. मुलगा हसेल की नाही ते सांगता येत नाही, पण हसला तर ते हसू त्याने स्वतः मिळवलेलं असेल. खुलासा खाली असला की तो आधी गोंधळतो, मग वाचतो, आणि तोवर चित्र बघायचं कारणच संपलेलं असतं.